अनुमोदक

सह्याद्री मित्रमंडळ, कुवैत, या मंडळाची वार्षिक सभा म्हणजे खरं सांगायचं तर जेवणाआधीचं एक शास्त्र. फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, हवल्लीतल्या एका शाळेचा हॉल, मागच्या दाराशी मसालेभाताची पातेली आणि पुढे स्टेजवर सात खुर्च्या. अध्यक्षांनी चार शब्द बोलायचे, चिटणिसांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, लोकांनी "मंजूर, मंजूर" म्हणायचं आणि जिलबीकडे वळायचं. इतक्या सरळ कार्यक्रमात दर वर्षी खोडा घालणारा माणूस एकच होता. डावीकडच्या तिसऱ्या रांगेतून एक लांबलचक हात वर यायचा आणि पाठोपाठ आवाज, "अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा."

"उठले सिनेटर. झाला भात गार," मागची मंडळी म्हणायची. तीही दर वर्षी, न चुकता.

हे सिनेटर म्हणजे धैर्यशील देवणीकर. वय एकोणसाठ, मूळ गाव लातूरकडचं, कुवैतमध्ये दोन हजार एकपासून. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी तपासायची याची वेळापत्रकं ते करत. नाव थट्टेनं पडलेलं असलं तरी अगदीच हवेतलं नव्हतं. तिकडे गावाकडे असताना ते खरोखरच विद्यापीठाच्या सिनेटवर पदवीधरांमधून निवडून आले होते, आणि तेही अपक्ष. दोन्ही पॅनेलांनी त्यांना बोलावलं होतं. दोन्हींना नाही म्हणून, स्वतःची पत्रकं स्वतः सायकलवर वाटून, हा गडी एक्केचाळीस मतांनी आला. पाच वर्षांत सिनेटच्या चर्चेत त्यांनी एकशे बारा वेळा भाग घेतला. आकडा त्यांचाच, आणि विचारलं नाही तरी ते सांगत. त्या एकशे बारा भाषणांतून पदरात काय पडलं म्हणाल, तर उन्हाळी परीक्षेच्या केंद्रांवर प्यायच्या पाण्याचे माठ ठेवण्याचा एक ठराव. पण त्या माठांचा त्यांना असा अभिमान, की जणू धरणच बांधलं.

मंडळातही दोन पॅनेलं होतीच. मराठी माणसं वीस जमली की दोन पॅनेलं आणि एक ढोलपथक होतंच, त्याला कुवैतचं वाळवंट तरी काय करणार? एक पुण्या-मुंबईकडच्यांचं, एक विदर्भ-मराठवाड्याचं. देवणीकर मराठवाड्याचे, म्हणजे आपलेच, असं दुसऱ्या पॅनेलला वाटलं आणि पहिल्याच वर्षी त्यांची निराशा झाली. गणपतीच्या वर्गणीवर बोलताना देवणीकरांनी दोन्ही पॅनेलांना एकाच दमात झोडपलं. तेव्हापासून ते इथेही अपक्ष. अपक्ष माणसाचं एक असतं. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटतं आणि त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

शेजारी बसायला अर्चना असती, पण तिची जागा स्टेजवर होती. अर्चना देवणीकर ही त्यांची बायको आणि दोन हजार सहापासून सभेचं इतिवृत्त लिहिणारी. ती या कामाकडे वळली त्याला कारण होतं. तिला कामाचा व्हिसा नव्हता. मुलगी आर्या लहान होती. देवणीकर सकाळी साडेसहाला घर सोडत आणि संध्याकाळी सहाला परत येत. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर ती आणि तिचं बाळ. संध्याकाळी दारातच ती बोलायला सुरुवात करायची, खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातल्या, अहमदनं कोथिंबीर आणली इथपासून ते इमारतीच्या राखणदारानं, हारिसनं, गच्चीची किल्ली दिली नाही इथपर्यंत, श्वास न घेता. देवणीकर बूट सोडता सोडता म्हणायचे, "अगं, एकेक मुद्दा घे की." तेव्हा ती हसायची. पुढे मंडळाला वही लिहिणारं कोणी हवं होतं, तर हिनं आपणहून हात वर केला.

आणि लिहायची कशी! लोक साधारण लिहितात, 'चर्चा झाली, ठराव मंजूर.' अर्चना शब्दन् शब्द लिहायची. नवरा जे बोलला ते पुरतं, आणि कंसात सभागृहाचा हालहवालही. (हशा.) (मागून आवाज: भूक लागली.) (अध्यक्षांनी घंटा वाजवली.) (पुन्हा वाजवली.) देवणीकरांसाठी तीन मिनिटांची घंटा अध्यक्ष अरुणकुमार यांनी मुद्दाम आणली होती, पितळेची, देवघरातल्यासारखी. अरुणकुमार बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मनानं वाईट नव्हते, फक्त त्यांना साडेबाराला भूक लागायची.

आता ज्या ठरावासाठी हा माणूस सतरा वर्षं उभा राहिला त्याची गोष्ट. दोन हजार आठच्या डिसेंबरात, मोठ्या ईदच्या सुट्टीत, मंडळाचा अजय नावाचा एक सभासद गेला. सुलैबियातल्या एका गोदामात तो स्टोअरकीपर होता आणि मागच्याच खोलीत एकटा राहायचा. सुट्टीमुळे गोदाम बंद होतं. पाचव्या दिवशी दार उघडलं तेव्हा कळलं. पोलिसांनी मंडळाच्या लोकांकडे त्याचा फोन दिला तेव्हा त्यात मंडळाचाच एक मेसेज न वाचलेला होता. कब्दच्या हिवाळी सहलीचं आमंत्रण. 'सहकुटुंब अगत्याने यावे.'

तो मेसेज देवणीकरांच्या डोक्यातून जाईना. पाच दिवस एक माणूस पडून राहतो आणि आपण त्याला सहकुटुंब बोलावतो! त्या जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी ते ओट्याशी कागद घेऊन बसले आणि ठराव लिहिला. 'एकट्याने राहणाऱ्या सभासदांची मंडळाने यादी करावी. दर शुक्रवारी प्रत्येकास मंडळातर्फे एक फोन जावा. त्यात पुढील प्रश्न विचारावेत. एक, तब्येत कशी आहे? दोन, काही हवंय का?'

अर्चना चहा गाळत होती. म्हणाली, "अजून एक घाला. आज कुणाशी बोललात का, म्हणून विचारा."

"हा काय प्रश्न झाला?" देवणीकर म्हणाले. "बोलेल की माणूस कुणाशी ना कुणाशी. त्याचं मंडळाला काय?"

"घाला तर खरं."

त्यांनी घातला. बायकोचा शब्द मोडायचा कशाला, एवढाच विचार. मात्र सभेत वाचताना पहिले दोन प्रश्न खणखणीत आणि तिसरा घाईघाईत, लोक हसतील म्हणून. लोक हसलेच.

ठराव मांडला की अनुमोदक लागतो, म्हणजे "माझा पाठिंबा आहे" असं उठून म्हणणारा दुसरा एक सभासद. तो नसेल तर ठराव चर्चेलाच येत नाही, तिथंच पडतो. आता अपक्षाला अनुमोदक कुठून मिळणार? एका पॅनेलला वाटलं हा दुसऱ्याचा डाव आहे, दुसऱ्याला वाटलं पहिल्याचा. "एकटा जीव सदाशिव, मजेत असतात हो ते!" कोणीतरी मागून म्हणालं. अरुणकुमारांनी विचारलं, "अनुमोदक?" लोकांनी मागच्या पातेल्यांकडे पाहिलं. पुन्हा विचारलं, "कोणी अनुमोदक?"

आणि स्टेजवरून, वहीच्या मागून, अर्चनानं हात वर केला.

देवणीकरांनी तो पाहिला. तिच्या डाव्या हातात पेन तसंच होतं, ती डावरी होती, आणि उजवा हात तिनं पूर्ण वर केला होता, शाळेतल्या मुलीसारखा. त्या क्षणी कोणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. पण देवणीकरांच्या अंगात नियम असा मुरला होता, की विचार करण्याआधीच ते उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा. जी व्यक्ती सभेचं इतिवृत्त लिहिते तिनं कोणत्याही ठरावाला अनुमोदन देऊ नये. तिनं तटस्थ राहायला पाहिजे. मग ती माझी पत्नी का असेना."

टाळ्या पडल्या! दोन्ही पॅनेलांनी वाजवल्या. सिनेटर म्हणजे सिनेटर, बायकोलाही सोडत नाही. अरुणकुमारांनी हरकत मान्य केली, अनुमोदक नाही म्हणून ठराव पडला, आणि अर्चनानं हात खाली घेऊन ते सगळं लिहून घेतलं. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "नियमानं तुमचं बरोबर होतं." देवणीकरांना ती शाबासकी वाटली. आपण किती तत्त्वाचे, या आनंदात त्यांनी त्या दिवशी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या होत्या. पुढे आयुष्यात त्यांना या जिलब्यांची जितकी लाज वाटली तितकी कशाची वाटली नाही.

तिनं पुन्हा कधी हात वर केला नाही. ते मात्र दर वर्षी तोच ठराव मांडत राहिले, आणि पालथ्या घड्यावर पाणी तसा तो दर वर्षी पडत राहिला. आक्षेप बदलत गेले. एक वर्ष "फोन कोण करणार?", एक वर्ष "लोकांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं बरं नव्हे", एक वर्ष "आपण मंडळ आहोत, दवाखाना नाही." सगळं अर्चनाच्या वहीत आलं.

दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरात अर्चना गेली. आजार चार महिन्यांचा. तिला लातूरला नेलं होतं, तिथंच सगळं झालं. तेराव्यानंतर देवणीकर परत आले, कारण आर्याचं शिक्षण व्हायचं होतं आणि नोकरी इथं होती. दोन वर्षांनी आर्याही कॅनडाला गेली. आता ती रविवारी फोन करायची. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "आयॅम फाइन बाबा, यू टेक केअर." पोरगी गुणाची होती, पण दोन मिनिटांत दोघांचेही शब्द संपायचे आणि मग दोघंही तिकडच्या बर्फावर आणि इकडच्या धुळीवर बोलून फोन ठेवायचे.

अर्चनानंतरच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त हातात आलं तेव्हा देवणीकरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. नवीन चिटणिसांनी कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं, नीटनेटकं, एकाच पानात. त्यात देवणीकरांबद्दल एकच ओळ होती. 'श्री. देवणीकर यांनी चर्चेत भाग घेतला.' पुढच्या वर्षीही तीच ओळ, आणि त्याच्या पुढच्याही. एका वर्षी तर करोनामुळे सभा ऑनलाइन झाली होती. देवणीकर अकरा मिनिटं बोलले, हातवारे करून बोलले, आणि त्यांचा माइक बंद होता. कोणी सांगितलंच नाही. घंटाही वाजली नाही, तेव्हाच त्यांना संशय यायला हवा होता. तरी इतिवृत्तात आलंच, 'चर्चेत भाग घेतला.'

ही ओळ त्यांना फार लागली. माणूस काय बोलला याची ज्याला पर्वा नाही त्यानंच असं लिहावं. आपलं बोलणं कोणीतरी ऐकत होतं, दहा-बारा वर्षं, शब्दन् शब्द, हे त्यांना ते ऐकणारं माणूस गेल्यावर कळलं.

शुक्रवार सगळ्यांत वाईट. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना "चलो, संडे मिलते हैं" म्हणायचं आणि मग रविवार सकाळपर्यंत तोंड उघडायची वेळच येत नसे. अहमदच्या बकाल्यात पूर्वी दोन शब्द व्हायचे. अहमद दापोलीकडचा, बोलका, "काय सिनेटरसाहेब, संसद कदी भरताय?" असं विचारणारा. पण तोही गेल्या साली दुकान भाच्याला देऊन गावी गेला, आणि भाचा कानात यंत्र घालून गाणी ऐकायचा. मग देवणीकर कपाट उघडून अर्चनाच्या वह्या काढत. चौदा वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, तिच्या डावखुऱ्या, मागे रेललेल्या अक्षरातल्या. त्यातलं एखादं भाषण ते मोठ्यानं वाचत. स्वतःचंच भाषण, स्वतःलाच. कंसातल्या (हशा.) पाशी थांबत. दोन हजार नऊची वही मात्र ते काढत नसत.

गेल्या ऑक्टोबरात त्या वह्याही गेल्या. मंडळाची नवीन चिटणीस ज्ञानदा घरी आली. पुण्याची, कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, तिशी नुकती ओलांडलेली. "काका, जुनी इतिवृत्तं तुमच्याकडे आहेत ना? स्कॅन करून ठेवायचीत. लगेच परत देते." वह्या मंडळाच्या, नाही कसं म्हणणार? नियमच तसा. देवणीकरांनी त्या कापडी पिशवीत भरल्या, वरून टॉवेल घातला आणि खाली गाडीपर्यंत स्वतः नेऊन दिल्या. जाताना म्हणाले, "धूळ लागू देऊ नको." वर आल्यावर कपाटाची ती फळी मोकळी दिसली तेव्हा त्यांनी कपाटाचं दार ओढून घेतलं.

यंदाची सभा त्यांची शेवटची होती. जूनमध्ये नोकरी संपणार आणि इकामाही, म्हणजे इथं राहण्याचा परवानाही, मग लातूर. सतराव्यांदा ठराव मांडायचा आणि तो मंजूर झाला नाही तर पुन्हा मांडणारं कोणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अजयचं नाव तर आता मंडळात चार माणसांना आठवत असेल. दोन्ही पॅनेलांकडे अनुमोदक मागायला जावं असं एकदा त्यांच्या मनात आलं. जायला निघालेही. अरुणकुमारांच्या इमारतीखाली गाडी लावून दहा मिनिटं बसले आणि परत आले. आयुष्यभर अपक्ष राहून शेवटी कोणाच्या दारात उभं राहायचं, हे जमेना. असा हा हट्टी माणूस. अशानं काय होतं, ते गेली सोळा वर्षं दिसतच होतं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. मसालेभाताचा वास सुटला होता. देवणीकरांनी अर्चनानं शेवटचा घेतलेला राखाडी कोट घातला होता. अरुणकुमार अजूनही अध्यक्ष होते, केस तेवढे पिकले होते. त्यांनी घंटा समोर ठेवली आणि हसून म्हणाले, "देवणीकरसाहेब, यंदा तुम्हाला पाच मिनिटं. निरोपाची भेट समजा."

देवणीकर बोलले. पाठच होतं. अजय, सुलैबिया, पाच दिवस, सहकुटुंबाचं आमंत्रण. यादी, फोन, तीन प्रश्न. तिसरा प्रश्न या वेळी त्यांनी घाईत नाही वाचला, पण का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घंटा वाजायच्या आतच ते थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून, जाणाऱ्या माणसासाठी वाजवतात तशा. त्या टाळ्यांत ठरावाला काही जागा नव्हती, हे देवणीकरांना लगेच कळलं.

"अनुमोदक?" अरुणकुमारांनी सवयीनं विचारलं, आणि सवयीनंच ते पुढच्या विषयाचा कागद उचलू लागले.

"माझं अनुमोदन आहे."

स्टेजवरच्या टोकाच्या खुर्चीतून ज्ञानदा उठली होती. समोर लॅपटॉप उघडा, त्यावर सभेचं इतिवृत्त अर्धवट टाइप केलेलं. इतिवृत्त यंदा तीच लिहीत होती.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. जुन्या मंडळींच्या माना एकदम डावीकडच्या तिसऱ्या रांगेकडे वळल्या. आता काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. सिनेटर उठणार. जो नियम बायकोला लावला तो या पोरीला लावणार, स्वतःचाच ठराव स्वतःच पाडणार, आणि पुढची वीस वर्षं सांगायला आपल्याला गोष्ट मिळणार. अरुणकुमारही थांबले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

देवणीकर अर्धे उठले होते. गुडघे आपोआपच सरळ होत होते, तोंडात शब्दही आला होता. हरकतीचा मुद्दा. आणि त्यांना ज्ञानदा दिसेनाशी झाली. तिच्या जागी निळी वही, डाव्या हातात पेन, आणि शाळेतल्या मुलीसारखा वर केलेला उजवा हात दिसला. तो हात आपण खाली करायला लावला. दुसऱ्या कोणी नाही. तो पाडला नसता तर सोळा वर्षं शुक्रवारचे फोन झाले असते. आणि तिचं नाव ठरावावर राहिलं असतं.

ते खाली बसले.

"हरकत?" अरुणकुमारांनी हलकेच विचारलं.

"नाही," देवणीकर म्हणाले. तेवीस वर्षांच्या सभांमध्ये त्यांचं एवढं छोटं भाषण झालं नव्हतं.

ठराव मंजूर झाला. हात वर करताना एका पॅनेलनं दुसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण भाताची झाकणं उघडली होती. जेवताना लोक येऊन पाठ थोपटून गेले. देवणीकरांनी जिलबी घेतली नाही. ज्ञानदा ताट घेऊन जवळ आली तेव्हा ते तिला म्हणाले, "नियमात बसत नव्हतं बरं का ते."

"माहितीये काका," ती म्हणाली. "वहीत वाचलं ना मी."

पुढे काही बोलायच्या आत तिला कोणीतरी हाक मारली. मंजूर तर झाला, आता तो ठरावही फायलीत जाऊन झोपेल, असं मनाशी म्हणत देवणीकर घरी आले. संस्थांचा त्यांना अनुभव होता. माठसुद्धा ठराव झाल्यावर दोन उन्हाळ्यांनी आले होते.

मार्च सुरू झाला. रोजे चालू होते, दुपारी रस्ते सुनसान असायचे. दुसऱ्या शुक्रवारी सकाळपासूनच धुळीचं वादळ होतं. खिडक्यांच्या फटींत ओले फडके कोंबून देवणीकर स्वयंपाकघरात बसले होते. ताटात कालची खिचडी होती. पावणेबाराच्या सुमारास फोन वाजला. शुक्रवारी फोन वाजण्याची सवय नसल्यानं त्यांना आधी तो शेजारचाच वाटला.

"काका, ज्ञानदा बोलतेय. मंडळातर्फे."

"बोल. वह्या आणतेस का?"

"त्याही आणते. पण आत्ता फोन वेगळ्यासाठी आहे." ती जरा अडखळली. "आपण यादी केली ना एकट्यानं राहणाऱ्यांची. चौतीस जण झालेत. जलीबमधले बरेच आहेत, फहाहीलचे आहेत. सहा जणांत वाटून घेतलेत फोन. आणि माझ्या वाट्याला... म्हणजे तुमचं नाव आहे माझ्याकडे."

देवणीकरांना आधी कळेना. यादी म्हणजे अजयसारख्यांची. त्यांनी सतरा वर्षं ज्यांच्या वतीनं भाषणं केली त्यांची. त्यात आपण कसे? मग त्यांनी ताटाकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गेली साडेतीन वर्षं आपण त्या यादीत आहोत.

"विचारू का?" ज्ञानदा म्हणाली. "तुमच्या ठरावातलेच प्रश्न आहेत."

"विचार की. ठरावाप्रमाणं व्हायला पाहिजे."

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"काही हवंय का?"

"काय की बाई. काही नको."

"आज कुणाशी बोललात का?"

हा प्रश्न त्यांनी सतरा वेळा वाचला होता. कोणी त्यांना तो कधी विचारला नव्हता. गुरुवारी ऑफिसातून निघाल्यापासून त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. तसं सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना एकदम दुसरंच काही समजलं. हा प्रश्न अजयसाठी नव्हताच. ओट्याशी चहा गाळणारी बाई तो स्वतःवरून सांगत होती. चौथा मजला, तान्हं मूल, सकाळी साडेसहापासून संध्याकाळी सहापर्यंत. रोज ती दारात उभी राहायची, साठलेलं सगळं घेऊन. आणि आपण म्हणायचो, एकेक मुद्दा घे.

यादीत पहिलं नाव तिचं असायला हवं होतं. नवरा-बायको-मूल अशा भरल्या घरात राहणाऱ्या बाईचं. देवणीकरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. आवरायला समोर होतं कोण?

"काका? आहात ना?"

"आहे." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "नाही बोललो कुणाशी. तूच पहिली."

ज्ञानदाकडच्या कागदावर तीनच प्रश्न होते, पुढे काय करायचं ते ठरावात लिहिलेलं नव्हतं. "मग बोला ना," ती म्हणाली. "मी बसलेय निवांत."

देवणीकरांना सवयीनं विचारावंसं वाटलं, की वेळ किती. ते विचारलं नाही. बाहेर धुळीनं समोरची मशीद दिसत नव्हती, फक्त शुक्रवारच्या नमाजाची बांग ऐकू येत होती. ती संपेपर्यंत ते थांबले.

"ज्ञानदा, ती दोन हजार नऊची वही तुझ्याकडं आहे न्हवं?"

"आहे. समोरच आहे."

"त्यात एक दुरुस्ती करायची आहे. मला म्हाईत आहे, कायम झालेल्या इतिवृत्तात दुरुस्ती करता येत नसती. नियमात बसत नाही. तरी कर."

"सांगा."

"माझ्या ठरावापुढं 'अनुमोदक नाही' असं लिहिलंय. तिनंच लिहिलंय, माझ्यामुळं. ते खोड." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आणि लिही, अनुमोदक, सौ. अर्चना धैर्यशील देवणीकर."

फोनमधून पान उलटल्याचा आवाज आला. मग पेन शोधल्याचा. देवणीकर कान लावून बसले होते.

"लिहिलं, काका," ज्ञानदा म्हणाली.

"वाचून दाखव," सिनेटर म्हणाले.